दिवस कोणी मोजले?

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयात अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे येते. विद्यार्थ्यांबरोबर आलेल्या पालकांच्या कागदपत्रांत एक तारीख पुन्हा पुन्हा दिसते : १ जून. बाप १ जून, आई १ जून, चुलता १ जून. माझ्या आईचीही तीच. तिला शाळेत घालायला आजोबा घेऊन गेले तेव्हा मास्तरांनी विचारले, "कधीची पोर?" आजोबा म्हणाले, "लई पाऊस झाला त्याच्या आदल्या सालची." मास्तरांनी तिचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो की नाही ते पाहिले आणि शाळा उघडण्याच्या महिन्याची पहिली तारीख टाकून दिली. ज्यांच्या घरात पंचांग होते त्यांच्या मुलांच्या जन्मवेळा घटका-पळांसह लिहिल्या गेल्या. मांगवाड्यात, महारवाड्यात कोणी जन्माला आले ही नोंद करण्याजोगी घटना नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मी गरोदर असताना पहिल्याच तपासणीत कार्डावर लाल शाईने एक तारीख लिहून मिळाली. ज्यांच्या हयात माणसांना जन्मतारीख नव्हती त्यांच्या पोटातल्या लेकराला आधीच तारीख मिळाली, याचा मला प्रथम अभिमानच वाटला. ती तारीख आली आणि गेली. कळा आल्या नाहीत. मग "आता किती थांबायचं?" हा प्रश्न घरातून, शेजारातून, दवाखान्यातून येऊ लागला. कागदावर तारीख दिसली की ती कोणी लिहिली आणि कशावरून लिहिली हे विचारण्याची इतिहास शिकवणाऱ्यांना सवय असते. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या दहा-अकरा दिवसांत आहे.

आपल्या भाषेत 'नऊ महिने नऊ दिवस' असे म्हणतात. हे म्हणणे कधीपासूनचे ते सांगता येत नाही, पण युरोपातील वैद्यकाने पुढे जो हिशेब शास्त्र म्हणून मांडला तो याच्यापासून दोनच दिवस दूर आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ कार्ल नेगेले यांच्या नावाने तो नियम ओळखला जातो : शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. एकूण सुमारे २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे. जगातल्या बहुतेक दवाखान्यांत आजही मूळ आकडा हाच. नेगेले यांनी हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडला, आणि त्यासाठी आधार घेतला तो अठराव्या शतकातील डच वैद्य बोअरहावे यांचा. गंमत अशी की पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे की शेवटच्या, हे या जुन्या लिखाणात स्पष्ट नाही. पहिल्या दिवसापासून मोजण्याची पद्धत पुढच्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केली. म्हणजे चार-पाच दिवसांचा फरक पायातच राहून गेला. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे झालेल्या एका पाहणीत पहिलटकरणींचा मध्यम काळ २८८ दिवस निघाला, नियमापेक्षा आठ दिवस जास्त. आणि ती पाहणी गोऱ्या, निरोगी स्त्रियांपुरतीच होती. बरोबर दिलेल्या तारखेलाच जन्मणारी मुले शंभरात चार-पाच. बाकी सगळी एक तर लवकर येतात, नाही तर उशिरा.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. पाळीला आपल्याकडे विटाळ म्हणतात. ज्या शब्दाने बाईला चार दिवस घराबाहेर बसवले आणि आम्हाला पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर बसवले तोच हा शब्द. या सगळ्या शास्त्राचा आरंभबिंदू म्हणजे बाईने लक्षात ठेवलेला विटाळाचा दिवस. ते लक्षात ठेवणे तिला कोणी शिकवले नव्हते, त्यावर बोलण्याची तर बंदीच होती. माझी तारीख माझ्या पक्की लक्षात होती, कारण त्या दिवशी मी परीक्षेला पर्यवेक्षक होते. तरी सोनोग्राफीत सहा दिवसांचा फरक निघाला. कार्डावर दोन तारखा झाल्या. डॉक्टरबाईंनी त्यातली आधीची धरली. का धरली ते विचारण्याची छाती मला पहिल्या भेटीत झाली नाही. बी. ए., एम. ए., नेट एवढे सगळे झालेले असूनही झाली नाही, हेही लिहून ठेवते.

आता दिवस उलटल्यावर कळा आणण्याची गोष्ट. पूर्वीपासून डॉक्टर उशिरा येणाऱ्या बाळांसाठी कळा आणत आले असतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात युरोपात ही गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. १७५६ साली लंडनमधील नामांकित वैद्यांनी एकत्र बसून विचार केला तो दिवस भरण्याआधीच कळा आणाव्यात की नाही याचा. मुडदुसाने ज्या गरीब बायांची कंबरेची हाडे आखडलेली असत त्यांचे मूल पूर्ण वाढले तर बाहेर येऊच शकत नसे. तेव्हा ते लहान असतानाच पाणमोट फोडून बाहेर काढायचे. हाडे वाकली होती ती उपासमारीने आणि अंधाऱ्या खोल्यांमुळे. त्यावरचा उपाय पोटात केला गेला.

औषधाचे ज्ञान मात्र वैद्यांच्या आधी सुइणींकडे होते. राय नावाच्या धान्यावर एक काळी बुरशी येते, तिला अर्गट म्हणतात. आपल्या बाजरीवर पडणारा अरगट तिच्याच कुळातला. या बुरशीने गर्भाशय आवळते आणि बाया तिचा उपयोग करतात, असे लोनित्सर या जर्मन वैद्याने १५८२ साली लिहून ठेवले. सव्वादोनशे वर्षांनी, १८०८ साली, अमेरिकेतील जॉन स्टर्न्स या डॉक्टरने तिच्यावर पत्र लिहिले आणि ती भुकटी वैद्यकात आली. तिच्या गुणांत एक म्हणजे डॉक्टरचा वेळ वाचतो. पण तिचे प्रमाण हातात राहत नाही. एकदा आवळलेले गर्भाशय सैल होत नाही, मूल गुदमरते, पिशवी फाटते. १८२४ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक यांनी इशारा दिला की प्रसूतीची म्हणवणारी ही भुकटी मरणाची भुकटी ठरते आहे. सोळा वर्षांत एवढा अनुभव जमा झाला. तो कोणाच्या देहावर जमा झाला, त्यांची नावे अर्थातच कुठे नाहीत.

पुढचा टप्पा प्रयोगशाळेतला. १९०६ साली हेन्री डेल यांना दिसले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. १९०९ साली लिव्हरपूलच्या ब्लेअर बेल यांनी तो अर्क स्त्रियांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. १९४८ साली थिओबाल्ड यांनी तो पातळ करून थेंब थेंब शिरेतून देण्याची रीत मांडली, आणि १९५३ साली व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. थेंब मोजता येऊ लागले, थांबवता येऊ लागले, हा खरोखर मोठा फरक होता. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून याच औषधाने असंख्य बाया वाचवल्या आहेत. ते नाकारण्याचा मला मुळीच मोह नाही.

पण साधन हाताशी आले की त्याला काम शोधले जाते. १९७४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये दहांतील जवळजवळ चार बाळंतपणे कळा आणून होऊ लागली होती. तेव्हा बाया उठल्या. वर्तमानपत्रांतून वाद झाला, डॉक्टरांमध्येही दोन तट पडले. १९७८ साली ॲलिसन मॅकफार्लेन यांनी जन्मांची आकडेवारी वारानुसार मांडली तेव्हा शनिवार-रविवारी मुले कमी जन्मतात असे दिसले. निसर्गाला रविवार ठाऊक नसतो. रुग्णालयाच्या हजेरीपटाला असतो.

मला सांगण्यात आले होते, "सोमवारी भरती व्हा, कळा आणू. पुढं दिवाळीची सुट्टी आहे." मी विचारले, "बाळाला काही धोका दिसतो का?" उत्तर आले, "दिसत नाही. पण थांबायचं कशाला?" हे वाक्य मी इंग्लंडच्या १९७४ सालाशेजारी ठेवून पाहते.

आमच्याकडे थांबण्याचे काम शतकानुशतके कोणी केले? सुइणीने. माझी आजी बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या मांगवाड्यातली सुईण. गावात मोठ्या घरची लेक अडली की रात्री-बेरात्री तिला हाक येई. एरवी जिची सावली उंबऱ्यावर पडू द्यायची नाही तिला त्या रात्री थेट बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश. नाळ कापायची, वार पुरायची, माखलेले कपडे धुवायचे. सकाळी शेर-दोन शेर जोंधळे आणि जुनेर घेऊन ती निघाली की मागे गोमूत्र शिंपडले जाई. जे काम सर्वांत नाजूक तेच सर्वांत विटाळाचे ठरवले, म्हणून ते आमच्याकडे आले. आमच्या कौशल्याचा मान म्हणून आले नाही, हे विसरता कामा नये.

इंग्रजी अमदानीत सरकारी दयेची नजर या सुइणीवर पडली. १८८५ साली लेडी डफरीन यांचा फंड निघाला, १९०३ साली लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या नावे सुइणींच्या शिक्षणासाठी निधी उभारला. त्या निधीच्या वतीने १९१८ साली हिंदुस्थानातील बाळंतपणाच्या सुधारणेवर अहवाल निघाला. अशा लिखाणातून सुईण घाणेरडी, अडाणी आणि नीच जातीची म्हणून येते. १९२७ च्या कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया'ने तर तिला जगभर राक्षसीण म्हणून नेले. सुईण घाणेरडी का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. जिला गावच्या विहिरीला हात लावू देत नाहीत तिने हात कोणत्या पाण्याने धुवायचे? आणि आपल्या सुधारकांचे काय? आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' असा होता. वेशीबाहेरची सुईण त्या शीर्षकात मावत नाही. अपवाद जोतीराव-सावित्रीबाईंचा. १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून त्यांनी फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना दिवस भरेपर्यंत आसरा दिला. जिथे दिवस मोजणे म्हणजे फास मोजणे होते तिथे हे दार उघडले.

हेच नाट्य अमेरिकेत काळ्या सुइणींच्या बाबतीत घडले. दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरीच्या काळापासून गोऱ्या-काळ्या दोन्ही घरांची बाळंतपणे त्या करत. १९२१ च्या माता-बालक कायद्यानंतर त्यांना वर्गांना बसवले, परवाने दिले, आणि त्यांच्या पिशव्या उघडून तपासल्या जाऊ लागल्या. काही दशकांत त्या संपल्या. आमच्या आजीलाही पुढे आरोग्य केंद्रातून ॲल्युमिनियमची पेटी मिळाली होती. ती तिने शेवटपर्यंत घासून पुसून ठेवली. आता २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. पेटी आईकडे आहे, तिच्यात सुया-दोरे असतात.

आजीच्या गुणांचे गोडवे गाऊन मी थांबू शकत नाही. दिवस वर गेलेल्या बाईला तीही एरंडेल पाजायची, पेट्यांची कुलपे उघडायला लावायची, बाईच्या साडीच्या, केसांच्या गाठी सोडायची. तिच्या हातून लेकरे गेली, एक बाईही गेली. ती ते लपवत नसे. "पोटात लेकरू निजलं की सुईण काय करील?" असे ती म्हणायची. जुने ते सोने म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला बसायचे आपल्याला कारण नाही. त्या जुन्यात आपली जागा कुठे होती ते आपल्याला माहीत आहे. पण नव्यातही मुहूर्त आहेच. पंचांग पाहून शस्त्रक्रियेची वेळ ठरवणारे आहेत आणि १४ एप्रिललाच मूल व्हावे म्हणून डॉक्टरांना गळ घालणारे आमचे बांधवही मला भेटले आहेत.

तारखेचा सर्वांत न्याय्य उल्लेख मला सापडला तो वैद्यकात नव्हे, कामगार कायद्यात. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांच्या वतीने तिथे ना. म. जोशी गेले होते. त्या परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा जो करार झाला त्यात स्पष्ट लिहिले की डॉक्टरने तारखेचा अंदाज चुकवला तरी प्रत्यक्ष बाळंत होईपर्यंत बाईचा लाभ बुडता कामा नये. शंभर वर्षांपूर्वी कायदा मान्य करतो की तारीख हा अंदाज आहे आणि त्याचा भुर्दंड बाईने भरायचा नाही! जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. बाईला कमी मजुरीत राबवून फायदा घेणाऱ्या मालकालाही जबाबदारी टाळता येणार नाही. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनी १९४३ साली खाणीतील बायांच्या प्रसूती-लाभ कायद्याची दुरुस्ती मांडली. १९६१ च्या कायद्याने बारा आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस. त्यांतले आठाहून अधिक अपेक्षित तारखेच्या आधी घेता येत नाहीत.

मला यांतले काही लागू झाले नाही. मी तासिका तत्त्वावर आहे. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. माझे तास मैत्रिणीने वाटून घेतले होते आणि मी कोणत्या आठवड्यात परत यायचे ते ठरले होते. तारीख उलटल्यावरचा प्रत्येक दिवस मला तासांच्या हिशेबात दिसू लागला. तेव्हा उगाच कळा आणू नयेत असे वाटत असतानाच, आणल्या तर सुटू, असेही मनात येऊन जाई. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा हिशेब तर याहून वेगळा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर. तिची तारीख म्हणजे कारखान्याचा पट्टा पडण्याचा दिवस. त्याआधी दिवस भरले तर फडातच.

तिच्यापर्यंत इंजेक्शन मात्र पोचलेले आहे. दवाखाना पोचत नाही तिथे कळांचे इंजेक्शन पोचते, हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही माहीत आहे. शिरेतून थेंब थेंब द्यायचे औषध दंडात एकदम टोचले जाते, बाळाचे ठोके ऐकायला कोणी नसते. होसॅकने १८२४ साली सांगितलेला धोका तो हाच. तेच ऑक्सिटोसिन म्हशीला पान्हा फुटावा म्हणूनही टोचतात. २०१८ साली केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ते देशात विकण्यासाठी बनवायला बंदी घातली, ती जनावरांवरील गैरवापराचे कारण देऊन. रक्तस्रावाने मरणाऱ्या बाईला ते वेळेवर मिळेल का, हा प्रश्न मग न्यायालयात निघाला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात बंदी रद्द केली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. बाईच्या औषधाची चर्चा म्हशीच्या निमित्ताने झाली, एवढे लक्षात ठेवावे.

राहिला प्रश्न थांबण्याचा. थांबणे निर्धोक नाही. स्वीडनमध्ये २,७६० स्त्रियांचा अभ्यास झाला : निम्म्यांना एक्केचाळीस आठवडे झाल्यावर कळा आणायच्या, निम्म्यांनी बेचाळीसपर्यंत वाट पाहायची. वाट पाहणाऱ्यांच्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्यात एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०१९ साली हे प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना एक्केचाळीस आठवडे पुरे झालेल्यांना कळा आणाव्यात असे सुचवते, पण एक अट घालून : ते पुरे झाले हे निश्चित माहीत असले पाहिजे. त्याआधी, काही गुंतागुंत नसताना, ती सुचवत नाही. म्हणजे सारे पुन्हा त्या पहिल्या तारखेवर येते. माझ्या कार्डावर तर दोन होत्या. एका तारखेने माझे एक्केचाळीस भरले होते, दुसरीने चाळीस आणि एक दिवस.

हे मी घाबरत घाबरत त्या बाईंना दाखवले. त्या थोडा वेळ कार्ड पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "ठीक आहे, एक दिवसाआड येऊन ठोके आणि पाणी तपासून जा. हालचाल कमी वाटली तर त्याच क्षणी या." गर्भाशयाचे तोंड अजून कडक आहे, अशा वेळी कळा आणल्या तर ताटकळत बसावे लागते, हेही त्यांनी तेव्हा सांगितले. बिशप नावाच्या डॉक्टरने १९६४ साली त्याचे गुण ठरवून दिले आहेत, हे मी नंतर वाचले. आधी का सांगितले नाही? मी विचारले नव्हते, हेच बहुधा उत्तर. जी विचारू शकत नाही तिला कोण सांगते?

मी पाच दिवस थांबले. पाचव्या दिवशी पाणी कमी झालेले दिसले. मग मीच म्हटले, लावा सलाईन. संमतीच्या कागदावर सही केली. आजीने अंगठा कशाकशावर उमटवला असेल कोण जाणे. चौदा तासांनी मुलगी झाली. आई उशाशी बसून होती आणि मधूनच "दिस तिचे तिला ठावं" असे पुटपुटत होती.

आजीच्या हातची माणसे गावात आणि आसपास अजून आहेत. त्यांतल्या बहुतेकांची तारीख १ जून. सणावरून, सुगीवरून, कोणाच्या लग्नावरून, पाण्यावरून त्यांचा खरा महिना तरी निघतो का हे पाहायचे काम मी या उन्हाळ्यात हाती घेतले आहे. आतापर्यंत अकरा जणांचे महिने सापडले. माझ्या आईचा भाद्रपद निघाला. पोळ्यानंतरचा, गौरी बसायच्या आधीचा.